आईच्या घरची पाहुणी

१

फिजीच्या राजधानीहून, सुवाहून निघालेली बोट सकाळी कांदावू बेटाच्या धक्क्याला लागली, तोवर उनाईसीची सगळी उत्तरं तोंडपाठ झाली होती. 'खायला मिळत नाही का गं तिकडे?' याला 'मिळतं, वेळ नसतो.' 'आजारी होतीस का?' याला 'छे, बरी आहे.' 'हाडं वाजताहेत तुझी', यावर नुसतं हसायचं. दोन वर्षांनी ती गावी चालली होती आणि गाव तिला चांगलंच ठाऊक होतं. तिथे परत आलेल्या माणसाचं आधी अंग बघतात, मग तोंड. 'सुटलीस गं' हे तिथे कौतुक, आणि 'वाळलीस' हा घरच्यांवर ठपका.

एके काळी हे कौतुक तिच्या वाट्याला भरभरून आलं होतं. सोळाव्या वर्षी ती नारळाचं भरलेलं पोतं खांद्यावर टाकून टेकडी उतरायची. तिचा दंड दाबून बायका म्हणायच्या, वासेमाथाच्या हाताला चव आहे, बघा पोरगी कशी भरलीय. वासेमाथा म्हणजे तिची आई. बाप लवकर गेला, त्यामुळे मायलेकी दोघीच, आणि आईची सगळी माया पातेल्यातून यायची.

सुवात ती अत्तरांच्या दुकानात लागली. पहिल्याच महिन्यात दुकानातल्या मुलींचा एक फोटो काढायचा होता. फोटोवाल्याने तिला हाताने जरा बाजूला केलं, मग जरा मागे, मग अजून जरा मागे, एका खांबाआड. वाईट काही बोलला नाही, हसतच होता. फोटो आला तेव्हा तिचा एक कान आणि अर्धा खांदा दिसत होता. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या अंगाची इतकी लाज वाटू लागली की आंघोळीलाही ती दिवा न लावता जायची. मग काळा चहा, अर्धं बिस्किट, आणि औषधांच्या दुकानातला वजनकाटा. अंग उतरत गेलं तसं तिला वाटायचं, कोणीतरी आपल्यातून उतरून चाललंय, बसमधून प्रवासी उतरावा तसं. कुठे चाललंय ते तिने विचारलं नाही.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली की उनाईसी कॅमेरा बिघडल्याचं सांगायची. आधी आई रडकुंडीला यायची, जेवलीस का, काय जेवलीस, कोणी रांधलं. अलीकडे मात्र तिने विचारणं सोडलं होतं. एकदा तर म्हणाली, "रोज रोज फोन कशाला गं, भेटतोच की आपण." लाइन खराब असेल, काहीतरी वेगळं ऐकू आलं असेल, असं उनाईसीने मनाशी म्हटलं आणि फोन ठेवला.

धक्क्यावरून छोट्या मोटारहोडीने ती गावच्या किनाऱ्याला उतरली. नळावर बायका कपडे धूत होत्या. त्यांत ती म्हातारीही होती, जिच्या मांडीवर उनाईसी लहानपणी झोपली होती. उनाईसी थांबली, पहिलं उत्तर जिभेवर घेऊन.

कोणी काहीच म्हणालं नाही. बायका हसल्या, बादल्या सरकवून तिला वाट करून दिली. म्हातारी म्हणाली, लग्नाला आलात वाटतं, सावलीसावलीने जा, ऊन फार आहे.

जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडला नाही. चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या गावात अंगाबद्दल काही बोलत नाहीत ते फक्त परक्यांच्या.

मग तिला हसू आलं. तारुसीला, दुसरं कोण? उद्या जिचं लग्न होतं ती तिची आतेबहीण. आते-मामे बहिणींचं नातं तिथे थट्टेचंच. थट्टा केली नाही तर रागावलीस का म्हणून विचारतात. उनाईसी शाळेच्या बोर्डिंगातून पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा याच तारुसीलाने अख्ख्या गावाला पढवून ठेवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तिला 'बाईसाहेब' म्हणून छळलं होतं. आता दोन वर्षं तोंड दाखवलं नाही, त्याचा हा दंड. भरू, म्हणाली ती मनाशी, आणि घराची वाट धरली.

२

स्वयंपाकाचं खोपटं घराच्या मागे होतं. त्याची लाकडी पायरी उनाईसीच्या पायाखाली नेहमी कण्हायची. दुसऱ्या कोणाच्याही पायाला ती गप्प असायची, म्हणून घरात तिला उनाईसीची पायरी म्हणत. आता उनाईसी त्या पायरीवर चढली आणि पायरी गप्प राहिली. साहजिकच होतं ते. वजनकाट्यावर जो आनंद झाला असता तो इथे झाला नाही, एवढंच.

आत धूर भरला होता. आई पाठमोरी, चुलीवर वाकलेली.

"आई."

"आलीस?" मागे न बघता आई म्हणाली. "पानं धुतलीस का, की टाकून आलीस तशीच नळावर?"

आवाजात नेहमीची कुरकुर होती. दोन वर्षांनी आलेल्या पोरीशी असं कोणी बोलत नाही. आत्ता दहा पावलांवर जाऊन आलेल्या पोरीशी बोलतात. उनाईसीला ते इतकं गोड वाटलं की तिचे डोळे भरून आले. ती पुढे झाली.

आई वळली. तिने पाहिलं. चेहऱ्यावरची कुरकुर हळूच मावळली आणि तिच्या जागी आदबीचं हसू आलं. तिने कमरेच्या कापडाला हात पुसले.

"अगंबाई, मला वाटलं आमचीच. या ना. घरात बसा, इथे धूर आहे."

दुरून आलेल्या लेकराच्या गालाला नाक लावून आई खोल श्वास घेते, हुंगते, आणि मग रडते. ही तिथली रीत. उनाईसीने गाल पुढे केला होता. आईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. प्रेमाने घेतला, पण हातच घेतला. गाल तसाच राहिला.

घरात शिरल्यावर आईने रंगीत लोकरीच्या काठाची चांगली चटई अंथरली, तीही वरच्या अंगाला. वर पाहुणे बसतात, घरच्या बायका खाली, चुलीकडच्या दाराशी. जन्मात उनाईसी तिथे वर बसली नव्हती.

"बसते हो बाई," ती हसून म्हणाली. खेळायचं तर नीट खेळू. "तुमची मुलगी कुठे आहे?"

"येईल इतक्यात. नळावर गेलीय." आईने तिच्यापुढे लिंबाच्या पानांचा चहा ठेवला, कान असलेल्या कपात. तो कपही पाहुण्यांचा. "तुम्ही सुवाच्या ना? उनाईसी म्हणाली होती, मैत्रीण येईल एखादी."

आईला खोटं बोलता येत नसे. बोलली की तिचं डावं पाऊल हलायचं. उनाईसीने पावलाकडे पाहिलं. ते चटईवर शांत होतं.

चहा गोड होता, तिने सुवात दोन वर्षं तोंडाला लावला नव्हता तसा. तिने तो सगळा प्यायला आणि कप खाली ठेवला.

३

दुपारी ती तारुसीलाच्या आईकडे, मेरेवालेसी आत्याकडे गेली. तिथे लग्नात सगळं घराणं एकाच कापडाचे कपडे घालतं. महिनाभर आत्याचं शिवणयंत्र त्यासाठीच चालू होतं. निळ्या कापडावर पिवळी फणसाची पानं. खोलीभर दोरीवर कपडे टांगलेले, जणू सगळे नातेवाईक आधीच येऊन भिंतीला टेकून उभे होते. तारुसीला खाली बसून बटणं लावत होती.

उनाईसीने आपला ड्रेस ओळखला. सर्वांत रुंद तोच होता. आत्या माप घेत नाही, नजरेनेच कापते, आणि तिच्या नजरेत दोन वर्षांपूर्वीचीच उनाईसी असणार.

"हा माझा ना?"

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने नाही अशी मान हलवली. टाचण्या काढून म्हणाली, तो उनाईसीचा, आमच्या भाचीचा. पाहुण्यांसाठी कापड उरलं नाही, वाईट वाटून घेऊ नका.

उनाईसीने ड्रेस दोरीवरून काढला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता. काखेत कापड ओलसर होतं. दोन्ही बाह्या उसवून पुन्हा शिवल्या होत्या, जुन्या टाक्यांची भोकं ताजी दिसत होती.

"काल घालून बघितला तिने," आत्या म्हणाली. "दंडात आवळत होता, म्हणून सैल केला. पोरगी अंगाने चांगली आहे हो आमची." हे सांगताना तिचा ऊर भरून आला.

कोणीतरी दुसरीने घालून बघितला असेल. गावात जाड मुलींचा तुटवडा नाही. आत्याचं वय झालंय, नावं इकडची तिकडे होतात. उनाईसीने ही सगळी कारणं एकापुढे एक मांडली, आणि ती सगळी पटण्यासारखी होती. तरी तिने ड्रेस पटकन दोरीवर टाकला, कारण त्या ओलाव्याला तिच्याच घामाचा वास येत होता. आपल्या घामाचा वास माणसाला विसरता येत नाही.

ती तारुसीलाकडे वळली. पुरे झालं होतं. दोघींचं एक हुकमी भांडण होतं. ते सुरू झालं की तारुसीलाला गंभीर राहता येत नसे, मयतीतही नाही.

"काय गं म्हशी," उनाईसी म्हणाली, "तुला नवरा मिळाला तरी कुठे? आंधळ्यांच्या शाळेत?"

तारुसीलाचा सुईचा हात थांबला. ती हसली नाही, उलटून शिवी दिली नाही, पायातली चप्पल फेकली नाही. तिने आत्याकडे एक नजर टाकली आणि लाजून, जरा दुखावून, खाली बघत म्हणाली, "सुवात असं बोलायची पद्धत आहे का हो?"

थट्टा ही नात्यातच करायची असते. परक्याने केली तर तो अपमान, आणि घरी आलेल्या पाहुण्याचा अपमान गिळायचा असतो. तारुसीलाने तो गिळला. यंत्र पुन्हा सुरू झालं. उनाईसीला दार सापडायला वेळ लागला.

४

संध्याकाळी आईने पान वाढलं. उकडलेला दालो कंद, नारळाच्या दुधातली पाल्याची भाजी, तळलेला मासा. 'घ्या, संकोच करू नका,' ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, आणि मग गप्प बसली. उनाईसीने कंदाचा कोपरा तोडला आणि बाजूला ठेवला. या घरात यावरून तिने शिव्या खाल्ल्या असत्या. आईने हातातला घास तिच्या तोंडात कोंबला असता. पाहुण्याला आग्रह करतात. रागावतात ते पोरीला. दोन वर्षं ती या रागावण्याला घाबरून गावी आली नव्हती, आणि आता ते मिळावं म्हणून तिचा जीव कासावीस झाला.

"आई," ती म्हणाली, "मी बाबांची पँट डुकराला घातली होती, आठवतं? तू झाडू घेऊन माझ्यामागे समुद्रात आली होतीस. तेव्हा तिथे आपण दोघीच होतो."

आई खळखळून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "तुम्हालाही सांगितलं का तिने ते? लाज नाही कार्टीला."

उनाईसीला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. मीच ती कार्टी, म्हणायचं होतं. पण आईच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ सुख होतं की तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला. ज्या बाईची मुलगी घरात आहे, तिच्या चेहऱ्यावर असतं तसं ते सुख होतं.

खालच्या दाराशी तिसरं पान झाकून ठेवलेलं होतं, काठोकाठ भरलेलं. आई दोन-तीनदा उठून त्याच्यावरच्या माश्या हाकलून आली. उनाईसी हात धुवायला बाहेर गेली आणि आली, तेव्हा पान रिकामं होतं. माशाचे काटे एका बाजूला नीट रचलेले होते, मोठे खाली, बारीक वर. ती सवय लहानपणापासून तिची होती, आणि तिच्याशिवाय कोणाचीच नव्हती.

"आत्ता येऊन गेली," आई म्हणाली. "कामात आहे फार. लग्नघर ना."

५

ती वरच्या अंगाला चटईवर झोपली. थकव्याने झोप लागली आणि उजाडता उजाडता मोडली.

घराच्या खालच्या बाजूला पडदा होता आणि पडद्यामागे तिची जुनी खाट. कोणीतरी त्या खाटेवर झोपलं होतं. श्वास संथ होता, भरलेला, शेवटी किंचित शिट्टी वाजणारा. कूस बदलली गेली तशा खाटेच्या पट्ट्या करकरल्या. लग्नाला आलेली एखादी पाहुणी, उनाईसीने स्वतःला समजावलं. घरं भरली आहेत, जिथे जागा तिथे माणसं झोपतात. पडदा चार पावलांवर होता. तो उचलायचा आणि बघायचं, की झालं. नाक चोंदून झोपलेली कोणीतरी चुलत मावशी निघेल आणि दोघी हसतील.

ती उठून बसली. पडद्याकडे बघत राहिली. पडद्यामागचा श्वास मधेच थांबला, कोणी कान देऊन ऐकावं तसा, आणि मग पुन्हा सुरू झाला. उनाईसी आडवी झाली आणि तिने डोळे मिटून घेतले. उनाईसी भित्री नव्हती. पण पडद्यामागे कोणी परकं निघालं तर बरंच होतं. परकं निघालं नाही तर काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

मग आईची कुजबुज ऐकू आली. "ऊठ गं. पीठ मळायचंय. ऊठ, माझी बाय." दोघी बाहेर गेल्या. दोघींची पावलं तिने ऐकली.

मागे स्वयंपाकाच्या खोपटाशी पायरी कण्हली.

लगेच हसू आलं. पोटातून निघालेलं, मोठं, तोंड उघडून हसलेलं. ते हसू उनाईसी सुवात विसरून आली होती. हसताना हनुवटीखाली दुहेरी घडी पडते, म्हणून तोंडावर हात ठेवून हसायला ती शिकली होती. आता ते हसू चाळीस पावलांवर चुलीपाशी मोकळं फिरत होतं आणि आई त्यात आपलं हसू मिसळत होती.

ती धावतच गेली. खोपटात कोणी नव्हतं. कढईत तेल उकळत होतं, परातीत अर्धी कणीक. पायरीवर ओलं पाऊल उमटलेलं होतं, बोटं फाकलेली, रुंद, निवांत. तिने आपलं पाऊल त्याच्याशेजारी ठेवलं. लांबीला ते तंतोतंत तेवढंच होतं.

६

चर्चमध्ये सगळं घराणं निळ्या-पिवळ्या कापडात डाव्या बाजूला बसलं. उनाईसी शहरातून आणलेल्या करड्या झग्यात उजवीकडे, पाहुण्यांत. मधे माणसांची गर्दी, पंख्यांची हालचाल. आईच्या शेजारी कोणीतरी बसलेलं होतं. उनाईसीने मान उंचावली, बाजूला झाली, पुन्हा उंचावली. डोक्यांच्या फटीतून कधी एक खांदा दिसे, कधी मानेवरचा केसांचा भरगच्च गोल. आईचा हात त्या पाठीवर होता, सहज टेकलेला. पूर्ण भजनभर तो तिथेच होता.

गायला सगळे उभे राहिले. बायकांच्या खालच्या सुरांत उनाईसीची एक ठरलेली जागा होती. त्या सुरासाठी शेजारच्या गावचेही तिला बोलावून न्यायचे. ती जागा आली. सूर लागला, भरदार, पलीकडच्या बाजूने. उनाईसीने तोंड उघडलं होतं. तिच्या घशातून नुसती हवा आली.

तिच्या शेजारी बसलेल्या सुवाच्या बाईने तिला विचारलं, तुम्ही वराकडच्या की वधूकडच्या? उनाईसीने डावीकडे बोट उचललं आणि स्वतःच्या करड्या झग्याकडे पाहून खाली घेतलं. बाईने समजूतदारपणे पुस्तकाचं पान उलटलं. एवढ्या माणसांत इतकं एकटं तिला सुवातल्या भाड्याच्या खोलीतही वाटलं नव्हतं.

७

जेवणानंतर नाच होता. नाचणाऱ्या मुली अंगाला तेल लावायला घरोघर पांगल्या. उनाईसी मांडवातून उठली. आता तिने ठरवलं होतं. बघायचं आणि सांगायचं. आईला हाताला धरून सांगायचं, की मी ही आहे, काय करायचं ते कर, मार, पण ओळख.

घराच्या खिडकीची काचेची झडप अर्धी उघडी होती. ती दाराकडे वळणार, तेवढ्यात आतून आईचं गुणगुणणं ऐकू आलं, आणि ती झडपेशीच थांबली.

आत चटईवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. छातीशी कापड धरलेलं, पाठ उघडी. आई मागे गुडघ्यांवर, हातात तेलाची वाटी. बाहेरच्या उन्हाचा पट्टा त्या पाठीवर पडला होता. उनाईसीने ही पाठ कधी पाहिली नव्हती. स्वतःची पाठ कोण बघतं? पण कमरेची ती घडी तिची होती. दंडाच्या मागचे ते पांढुरके वण तिचे होते. सुवात अंधारात आंघोळ करताना ज्यांच्यावरून ती हातही फिरवत नसे, तेच.

आईचा हात कुठेही अडखळत नव्हता. घडीवरून, वणांवरून, तो सगळीकडे सारखाच फिरत होता.

"हे खांदे तुझ्या बापाचे," आई म्हणत होती. "ही कंबर माझ्या आईची. ती होडी एकटीने ओढायची वाळूत. आणि हे इथे," तिने चिमटा काढला, "हे मी घातलंय, एकेक घास मोजून."

ती पाठ हसली. हसताना सगळी हलली.

किती सुंदर होती ती. उनाईसीला हे एकदम, स्वच्छ कळलं. यात लपवण्यासारखं काय होतं? कोणाला हे खांबामागे उभं करावंसं वाटलं, आणि आपण त्याचं ऐकलं? तिला धावत जाऊन त्या पाठीला मिठी मारायची होती. माझी आहेस, चल, म्हणायचं होतं.

"ती पाहुणी गेली का गं?" पाठमोरीने विचारलं. आवाज उनाईसीचाच होता, फक्त त्यात कुठेही घाई नव्हती.

"असेल इथेच. मला आई म्हणते बिचारी."

"तिला रागावू नकोस." ती शांतपणे म्हणाली, "मी राहिलेय ना तिच्याजवळ सुवात. फार उपाशी ठेवलं तिने मला."

आईचा हात थांबला. उनाईसीच्या पायाखाली शिंपला मोडला. आईने झडपेकडे पाहिलं.

पाठमोरी मान वळवू लागली. मान, कान, गालाची कड. मग एक हात मागे आला आणि त्याने मधला पडदा सावकाश ओढून घेतला. तेवढा हात उनाईसीने नीट पाहिला. मनगटाशी बाळाच्या मनगटासारखी वळी होती.

आई दारात आली. ती रागावलेली नव्हती, हेच सर्वांत वाईट होतं. तिच्या हातात एक वाटी होती, पाला चुरगळून फडक्यातून पिळलेल्या हिरव्या रसाची. तिथे न जेवणं ही कोणाची इच्छा मानत नाहीत; तो एक आजार आहे, त्याला नाव आहे आणि त्याला हा रस आहे. आईने तो सकाळीच कधीतरी काढून ठेवला असावा.

"हे पी," आई म्हणाली. आदबीचं बोलणं गळून पडलं होतं. "अगं, काय दशा करून घेतलीस. कोणाच्या तरी पोटचीच ना तू?"

उनाईसीने वाटी घेतली. जे सांगायला ती आली होती ते सांगायला आता अंगात काहीच उरलं नव्हतं. आईने हात वर केला आणि तिच्या हाडांवरून, गालावरून एकदाच फिरवला, परक्या लेकरावरून फिरवतात तसा.

"घरी जा, पोरी," ती म्हणाली. "तुझी आई वाट बघत असेल."

रस कडू होता. उनाईसीने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, वाटी परत केली, आणि 'जाते हं' म्हणून किनाऱ्याकडे चालू लागली.